शेवटचा माणूस येईपर्यंत

माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. त्यामुळे रविवारची शर्यत कुठल्या रस्त्यावर झाली, हे पेशंट आत येण्याआधी जिन्यावरच्या पावलांवरूनच मला निम्मं कळलेलं असतं. शहरातल्या काँक्रीटवर पळून आलेले सोमवारी सकाळीच हजर होतात आणि बसल्या बसल्या नडगीवरून किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगावरून हात फिरवत राहतात. मातीच्या वाटेवर पळालेल्यांचा हात घोट्याकडे जातो. घाट उतरून आलेले सोमवारी येतच नाहीत. सोमवारी ते ऑफिसात मेडल दाखवत असतात. मंगळवारपर्यंत मांड्या भरून येतात आणि मग माझ्या जिन्यावर त्यांची खरी परीक्षा होते. वर येतात बरे, जाताना मात्र कठडा धरून, आडवे होऊन, पायरीपायरीला देव आठवत उतरतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर साताऱ्याचं, संसार आणि व्यवसाय बंगळुरूच्या बसवनगुडीत. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठांमधली दाटी कमी करायला, लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून वसवलेला हा भाग. रुंद रस्ते, झाडं, बाग. सुरुवातीला माझ्याकडे यायचे ते गांधी बझारातले आजी-आजोबा. आखडलेला खांदा, झिजलेला गुडघा, कंबर. मग २००८ साली बंगळुरूची टेन-के सुरू झाली, पुढे २०१४ पासून बंगळुरू मॅरेथॉनही आली, आणि माझ्या वेटिंग रूममधल्या चपलांच्या जागी रंगीबेरंगी बूट दिसायला लागले. सकाळी सहाला लालबागचं फाटक उघडतं तेव्हा त्यातले निम्मे तिथं उभे असतात. रविवारी मोठं अंतर असेल तर अंधारातच कनकपुरा रोड धरतात. त्यांच्यात कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी, सगळे आहेत. दुखणं मात्र सगळे इंग्रजीत सांगतात. ‘आयटी बँड’ हा गुडघ्याबाहेरचा पट्टा आहे, आयटी कंपनीशी त्याचा संबंध नाही, हे मी अजूनही मधूनमधून समजावते.

यांच्यामुळेच मी शर्यतींच्या उपचार-तंबूत बसायला लागले. तंबू म्हणजे चार खांब, ताडपत्री, दोनतीन खाटा, बर्फाची पेटी, ओआरएस, क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, व्हॅसलिनचा मोठा डबा, बीपी आणि साखर बघायची यंत्रं, सोबत एक डॉक्टर आणि बाहेर उभी रुग्णवाहिका. लोकांना यातलं काही नको असतं. त्यांना स्प्रे हवा असतो. पळता पळता पाय पुढे करतात, ‘मॅडम, स्प्रे!’ फवारा बसला की गार वाटतं आणि पुढे जातात. त्या गारव्यानं स्नायूला फारसं काही होत नाही, पण मनाला होतं, म्हणून मी मारते. पोटरीत गोळा आलेल्याला खरं तर थांबायचं असतं, हळूहळू पाय ताणायचा असतो. थांबणं कुणालाच नको असतं.

शहरातल्या आणि गावाकडच्या शर्यतीतला फरक मला इथं, तंबूतल्या खाटेजवळ बसून कळला. निसर्ग, शांतता, शुद्ध हवा याबद्दल पळणारे पुष्कळ सांगतात आणि ते खरंही आहे. पण माझ्या कामाच्या दृष्टीनं फरक एवढाच की शहरात कुणी पडला तर दहा मिनिटांत मोठं हॉस्पिटल असतं. गावाकडच्या रस्त्यावर कुणी पडला तर आधी तो पडलाय हे कुणाला तरी दिसावं लागतं.

श्रीरंगपट्टणजवळ कालव्याच्या काठानं होणारी कावेरी ट्रेल मॅरेथॉन ही आमच्या भागातल्या रनरांची लाडकी. ‘रनर्स फॉर लाइफ’ या बंगळुरूच्या मंडळींनी ती सुरू केली. मध्यरात्रीनंतर गाड्या भरून म्हैसूर रस्त्याला लागायचं, बिडदीची तट्टे इडली परतीच्या वाटेवर खायची असं ठरवायचं, आणि उजाडायच्या आत रंगनथिट्टूच्या पक्षी अभयारण्याच्या परिसरात पोचायचं. सलीम अली यांच्या आग्रहावरून १९४० साली हे अभयारण्य झालं. चित्रबलाक, चमचे, करकोचे. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसरीकडे भात आणि ऊस. मंड्या जिल्हा म्हणजे गुळाचं कोठार, त्यामुळे मधेच गुऱ्हाळाचा वास येतो. मी सातारकर, तो वास आला की माझं अर्धं लक्ष कामावरून उडतं. (या मुलखात १७९२ साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन इंग्रजांच्या बाजूनं टिपूवर चालून आले होते. आमच्या गटातल्या मराठी लोकांना ते सांगितलं की ते छाती फुगवतात, कन्नड लोक हसतात, आणि शृंगेरीच्या मठाची लूट कुणी केली हे कुणीतरी विचारायच्या आत मी विषय बदलते.)

ही वाट सपाट आहे, म्हणून नवखे खूश होतात. मातीची सपाट वाट ही डांबरासारखी सपाट नसते. बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात, मधे गवत असतं, पाऊस होऊन गेला असेल तर बुटाला चिखलाचा थर बसतो आणि पाय जड होतो. प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे जे बारीक स्नायू शहरात झोपलेले असतात, त्यांना इथं अखंड काम करावं लागतं. मला विचाराल तर हे पायांसाठी चांगलंच आहे, कारण काँक्रीटवर एकाच जागी एकच ठोका हजारो वेळा बसतो. पण जो पाय फक्त काँक्रीटवर तयार झालाय, त्याला ही चैन आयत्या वेळी परवडत नाही.

दुसरी गोष्ट ऊन. सकाळी गार असतं, धुकं असतं, सगळे वेगात सुटतात. आठनंतर सूर्य वर येतो आणि कालव्याच्या काठाला सावली फार थोडी. हाफवाले एकदा जाऊन परत येतात. फुलवाल्यांना हेच दोनदा करायचं असतं. आमच्या गटातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मला सांगितलं होतं, ‘‘डॉक्टर, बेचाळीस किलोमीटरचं काही नाही, पण हाफवाले मेडल घालून केळी खात बसलेले असतात आणि आपण त्यांच्यासमोर परत वळायचं, तिथं माणूस खरा मोडतो.’’ मूळ कोल्हापूरचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर याच वाटेवर तिसाव्या किलोमीटरनंतर चालायला लागला होता. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, ‘‘ताई, एक मावशी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन मला मागे टाकून गेली. तोच ऊस चार वेळा बघितला, पण ती बाई एकदाच दिसली आणि पार गेली.’’

पाण्याच्या टेबलांवर गावातली शाळकरी मुलं. ‘नीरु बेका, सार? नीरु बेका?’ करत पेले पुढे धरतात. शहरातल्या शर्यतीत पाणी देणारे ओरडून ओरडून प्रोत्साहन देतात. ही मुलं आधी लाजतात, मग त्यांना गंमत कळते, आणि नंतर आपल्या टेबलावर जास्त लोक यावेत म्हणून शेजारच्या टेबलाशी स्पर्धा लावतात. बायकांना पळताना बघून मुली जास्त ओरडतात, हे मी दर वेळी बघते.

आता एक बोचरी गोष्ट. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते, शेंगांची जत्रा. आसपासच्या जिल्ह्यांतले शेतकरी भुईमुगाचं पहिलं पीक दोड्ड बसवण्णाला म्हणजे मोठ्या नंदीला वाहायला आणतात आणि बुल टेंपल रोड शेंगांच्या राशींनी भरून जातो. ही प्रथा आमच्या कॉलनीपेक्षा फार जुनी. पण त्या दिवसांत माझ्याकडे येणारे रनर कुरकुरतात: पळायचा रस्ता अडला, सालपटांवरून पाय घसरतो, गर्दी किती. आणि हेच लोक कालव्यावर बैलगाडी समोर आली की हात हलवून तिला बाजूला व्हायला सांगतात! ती गाडी रोजच्या कामाला निघालेली असते. तिच्या वाटेवर आपण आलेलो असतो, तेही हौसेनं, पैसे भरून. रस्ता कुणाचा हा प्रश्न शहरात पोलीस आणि बॅरिकेड सोडवतात. गावाकडे तो पळणाऱ्यानं स्वतः सोडवायचा असतो, आणि तो कसा सोडवतो त्यावरून माणूस कळतो.

साताऱ्याला मी कामासाठी जाते आणि माहेरपणही उरकते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. योगायोग असा की त्याच वर्षी कास पठारासह पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. पावसाळा सरत असताना ही शर्यत होते. शहर ओलांडून रस्ता यवतेश्वरचा घाट चढतो, कासच्या दिशेनं जातो आणि तिथून परत फिरून खाली येतो. एकवीस किलोमीटरच, पण निम्मे चढाचे आणि निम्मे उताराचे. खाली गावात ढोल-ताशे, लेझीम, शाळेची मुलं, दारात उभ्या राहून टाळ्या वाजवणाऱ्या बायका. वर धुकं, बारीक पाऊस, आणि फक्त श्वासाचे आवाज. बंगळुरूहून आलेल्यांना चढाची भीती असते. मी त्यांना सांगत असते की चढ दमवतो, मोडत नाही; तिथं चाललात तरी चालेल. उतारावर सांभाळा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, आणि अशा कामानं त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते. त्याची कळ एक ते तीन दिवसांत वर येते. म्हणून माझा मंगळवार.

सातारच्या गल्लीतली एक मावशी दाराशी बसून सगळा प्रकार बघत होती. मला म्हणाली, ‘‘एवढा घाट चढून जायचा आन् परत हितंच यायचं? मग गेलीच कशाला?’’ मी उत्तर शोधत होते तोवर ती पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यात उतरलीसुद्धा.

या शर्यतींत पुढची दहावीस माणसं वेगळ्या जातकुळीची असतात. जिल्ह्यातल्या अकादमीतली, लष्करात भरती व्हायची तयारी करणारी, गावातल्या रस्त्यावर घड्याळाशिवाय तयार झालेली पोरं. माण तालुका दुष्काळी म्हणून प्रसिद्ध. तिथल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहाव्या आल्या. आणि मुळात आपल्याकडे लांब पळण्याची गोष्ट सुरू होते तीच अशा रस्त्यांवरून. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारे शेतकरी बघितले, त्यांचा वेळ बघितला आणि त्यातल्या काहींना ऑलिम्पिकला पाठवायचं मनावर घेतलं. १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. ते अंतर आजच्या मॅरेथॉनपेक्षा थोडं जास्तच होतं, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. त्याच शर्यतीत सदाशिव दातार हे साताऱ्याचे धावपटूही उतरले होते. त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुल्यांचं नाव निदान बेळगावात तरी लोक घेतात. दातारांचं नाव साताऱ्यात मी लहानपणी कधीच ऐकलं नव्हतं. जो पूर्ण करत नाही त्याची नोंद ठेवायची सवय आपल्याला नाही, आणि माझ्या कामात नेमकी तीच सवय लागते.

कारण तंबूत बसल्यावर मला पुढच्या दहावीस पोरांची काळजी नसते. ती दीड तासात हाफ संपवतात, ऊन चढायच्या आत केळी खाऊन मोकळी होतात. काळजी असते ती मागच्यांची. पहिलाच हाफ करणारा पन्नाशीतला माणूस, वजन कमी करायला पळणारी बाई, आजारातून उठून आलेला कुणी. ते तीन तास, फुल असेल तर सहा-सात तास रस्त्यावर असतात. सगळ्यात जास्त ऊन तेच खातात. आणि त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर व्यवस्था पातळ झालेली असते. बर्फ वितळलेला, ओआरएस संपलेला, मुलं घरी गेलेली, टेबल उलटं करून टेम्पोत चढवलेलं. ज्यांना गरज सर्वांत जास्त त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी. हे मुद्दाम कुणी करत नाही. लोक पहाटे दोनपासून उभे असतात, दमतात, विजेते आले की मंडपातलं लक्ष बक्षीस समारंभाकडे जातं.

एका शर्यतीत (कुठली ते सांगत नाही, अशा बऱ्याच ठिकाणी झालं असतं) शेवटच्या काहींपैकी एक बाई आल्या. शेवटच्या रेषेवरची हवेची कमान तोवर खाली बसवली होती. स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या आणि दोनतीन पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या. बाई हसल्या, पण मेडल घ्यायला हात पुढे करायचा हे त्यांच्या लक्षात येईना. मी जवळ गेले. अंग तापलेलं नव्हतं. ओकारी झाल्याचं त्यांनी सांगितलं. बोटं सुजून अंगठी रुतली होती. ‘दमल्यात, पाणी पाजा’ असं तीन जणांनी सांगितलं. पाणीच तर पाजायचं नव्हतं. त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्यानुसार प्रत्येक टेबलावर दोन दोन पेले पाणी प्यायलं होतं, तहान असो वा नसो, आणि इतक्या हळू चालीत घाम तेवढा गेला नव्हता. रक्तातलं मीठ पातळ झालं की मेंदूला सूज येते, आणि हे दिसतं हुबेहूब थकव्यासारखं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळलं होतं. त्यात धोका कुणाला होता? ज्यांचं वजन पळून कमी होण्याऐवजी वाढलं त्यांना, आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना. म्हणजे परत मागच्यांनाच.

आमच्या डॉक्टरांनी बाटल्या काढून घेतल्या, चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं की सोडियम तपासल्याशिवाय सलाईन लावू नका, आणि रुग्णवाहिका रवाना केली. सोबत कोण आलंय, कुठं उतरल्यात, काही सांगता येत नव्हतं. फोन गाडीत, गाडी कुठं ते आठवेना. मी त्यांच्या छातीवरचा बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर छापलेला कागद, उलटा केला. मागच्या बाजूला नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर, औषधांची ॲलर्जी असे रकाने छापलेले असतात. चारही कोरे होते. शेवटी मैदानात लाउडस्पीकरवरून बिब नंबर पुकारला आणि त्यांची बहीण धावत आली. बाई चार दिवसांत बऱ्या झाल्या. पण ती बहीण मैदानात नसती तर, हा विचार करत मी बंगळुरूपर्यंत आले.

त्यानंतर मी तंबूत बसायला होकार देताना आयोजकांना दोन अटी घालते. शेवटच्या माणसाच्या मागून एक गाडी किंवा सायकलवाला हळूहळू आला पाहिजे, आणि त्यानं येऊन सांगितल्याशिवाय एकही टेबल उचलायचं नाही, आमचा तंबू तर नाहीच. थोडा बर्फ आणि ओआरएसची पाकिटं वेगळी झाकून ठेवायची, ती फक्त शेवटच्या तासासाठी. खर्च म्हणाल तर नगण्य. लहान गावच्या आयोजकांना हे पटकन पटतं असा माझा अनुभव आहे. मोठ्या शर्यतींमध्ये मला ‘प्रोटोकॉल बघू’ असं उत्तर मिळतं. गावात तालमीतला एखादा पोरगा मोटारसायकल काढतो आणि म्हणतो, ‘‘मी येतो की मागनं.’’

तेव्हा यंदा तुम्ही कुठल्या गावच्या शर्यतीला जाणार असाल तर जरूर जा, चिखलात बूट खराब होऊ द्या, बैलगाडी आली तर थांबा. पाणी तहानेप्रमाणे प्या, घोटभर कमी चालेल. घाट असेल तर उताराचा सराव करून जा, नाहीतर मंगळवारी माझा जिना आहेच. आणि आदल्या रात्री बिबला पिना लावण्याआधी तो उलटा करा, पेन घ्या आणि मागचे चारही रकाने भरा. नंबर अशा माणसाचा द्या जो रविवारी सकाळी फोन उचलतो.